विश्वविद्यालय स्थानकाची उरलेली जमीन

दिल्ली मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेवर ‘विश्वविद्यालय’ नावाचं स्थानक आहे. जिना चढून वर आलं की आधी कानावर पडतो तो ई-रिक्षावाल्यांचा पुकारा: ‘रामजस, हंसराज, किरोडीमल! आ जाओ, बस एक सवारी!’ तीन पोरं दाटीवाटीनं बसलेली असतात आणि चौथ्यासाठी गाडी अडलेली असते. नवखा माणूस इकडेतिकडे बघतो. पाटी विश्वविद्यालयाची, पण विश्वविद्यालय कुठाय? ते आहे छात्र मार्गानं आत. कला शाखेची इमारत तिथून साधारण किलोमीटरभर. स्थानक विद्यापीठाच्या दारात नाही, त्याच्या कडेला, मॉल रोडच्या बाजूला आहे.

ही कड विद्यापीठाची कधीच नव्हती. विद्यापीठ इथं येण्याआधी छावणी होती आणि जमिनीच्या सातबाऱ्यावर, म्हणजे दिल्लीत जे काही त्याच्या जागी असतं त्यावर, छावणीचं नाव पुढची नव्वद वर्षं राहिलं.

१२ डिसेंबर १९११च्या दरबारात पंचम जॉर्जनं राजधानी कोलकात्याहून दिल्लीला नेत असल्याचं जाहीर केलं. नवी दिल्ली बांधून होईपर्यंत सरकारला बसायला जागा हवी, म्हणून सिव्हिल लाइन्सच्या उत्तरेला तात्पुरती राजधानी उभी राहिली. १९१२मध्ये सचिवालय बांधलं. त्या इमारतीत आज दिल्लीची विधानसभा भरते आणि विश्वविद्यालयाच्या अलीकडच्या स्थानकाला तिचंच नाव आहे. व्हाइसरॉयसाठी ‘रिज’ या टेकडीच्या उतारावरचं जुनं सर्किट हाउस वाढवून घेतलं. आजूबाजूला फौजा, घोडे, बराकी. ‘कॅव्हलरी लेन’ हे रस्त्याचं नाव त्या घोड्यांची आठवण म्हणून उरलं आहे.

दिल्ली विद्यापीठ स्थापन झालं १९२२मध्ये. सेंट स्टीफन्स, हिंदू आणि रामजस ही तीन महाविद्यालयं हाताशी, पण स्वतःचं घर नाही. व्हाइसरॉय नव्या दिल्लीतल्या थोरल्या प्रासादात राहायला गेल्यावर जुनं व्हाइसरीगल लॉज रिकामं झालं आणि १९३३मध्ये ते विद्यापीठाला मिळालं. पुणेकरांना हे ओळखीचं वाटेल. १९४९मध्ये स्थापन झालेलं पुणे विद्यापीठही गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यातच आलं. साहेबानं मोकळ्या केलेल्या वाड्यात सरस्वती बसवायची ही आपल्याकडची जुनी रीत. फरक इतकाच, की पुण्यात ऐसपैस आवार एकसंध हाती आलं आणि दिल्लीत वाड्याभोवतीचे काही तुकडे संरक्षण खात्याकडेच राहिले.

१९३८ ते १९५० सर मॉरिस ग्वायर कुलगुरू होते. शहरात विखुरलेली महाविद्यालयं एका आवारात आणायची त्यांची धडपड. १९४१मध्ये सेंट स्टीफन्स कश्मीरी गेटहून इकडे आलं, १९४८मध्ये मुलींसाठी मिरांडा हाउस निघालं, पुढं हिंदू आलं. रिजच्या झाडीला लागून विद्येचा एक मोहल्लाच तयार झाला. महाविद्यालयं ठरवून आणली, पण पोरांनी राहायचं कुठं, याचा हिशेब वसतिगृहांपलीकडे कुणी फारसा केला नाही.

तो हिशेब फाळणीनं केला. दरबाराच्या वेळी जिथं तंबू पडले होते त्या किंग्जवे कॅम्पात १९४७नंतर पश्चिम पंजाबातून आलेले निर्वासित उतरले. दिल्लीतल्या मोठ्यातल्या मोठ्या निर्वासित छावण्यांपैकी ही एक. तंबूंच्या बराकी झाल्या, बराकींची घरं झाली आणि घरांवर मजले चढले. ज्यांनी सगळं मागं टाकून नवा संसार मांडला त्यांना घरातली एक खोली भाड्यानं देणं सोयीचं होतं, आणि भाडेकरू किलोमीटरभरावर आयते शिकत होते. विजय नगर, हडसन लेन, कमला नगर, पुढं मुखर्जी नगर. आधी गच्चीवरची ‘बरसाती’, मग ‘पीजी’, मग एका खोलीत प्लायवूडची आडवी भिंत घालून दोन पीजी. विद्यापीठाच्या अवतीभवतीची घरं ही अशी, कुणाच्याही आराखड्यावाचून झाली. नांदेड-लातूर-सांगलीहून यूपीएससीसाठी गेलेल्या कितीतरी मराठी पोरापोरींनी मुखर्जी नगरच्या अशा खोल्यांत उमेदीची वर्षं काढली आहेत. घरमालकिणीशी ‘आंटीजी, गीझर ठीक करा दो’ एवढी हिंदी तरी ती तिथंच शिकली. त्यांचं स्थानक मात्र विश्वविद्यालय नव्हे, त्याच्या पुढचं, गुरू तेगबहादूर नगर. ते उघडायला २००९ उजाडलं.

त्याआधी सगळा भार बसवर होता. दिल्ली परिवहनची ‘यू-स्पेशल’, म्हणजे युनिव्हर्सिटी स्पेशल, ही एका पिढीची बस. सकाळी वस्त्यावस्त्यांतून निघून थेट महाविद्यालयांच्या दारात, दुपारी परत. निवडणुका, प्रेमं, भांडणं आणि राहिलेल्या ट्यूटोरियल्स या बसमध्ये पार पडत. मेट्रो आल्यावर ती हळूहळू दिसेनाशी झाली. ऑगस्ट २०२५मध्ये दिल्ली सरकारनं विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित गाड्या घेऊन ती पुन्हा सुरू केली. मेट्रो वीस वर्षं विद्यापीठापाशी पोचलेली असताना ही बस परत का लागावी? कारणं दोन आणि दोन्ही साधी. बस दारात नेते. आणि बसचा विद्यार्थी पास स्वस्त आहे, मेट्रोत विद्यार्थ्यांना सवलतच नाही. विद्यार्थी संघटना ती वर्षानुवर्षं मागताहेत.

दिल्लीला मेट्रो हवी, ही गोष्ट कागदावर पहिल्यांदा नीट आली ती केंद्रीय मार्ग संशोधन संस्थेच्या १९६९-७०च्या वाहतूक अभ्यासात. पुढं अहवालांवर अहवाल झाले. १९८०च्या दशकात दिल्ली विकास प्राधिकरण आणि नागरी कला आयोगानं भुयारी मार्ग सुचवले, मग ‘राइट्स’ या रेल्वेच्या सल्लागार कंपनीनं व्यवहार्यता तपासली. १९९५च्या मे महिन्यात दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशन नोंदली गेली आणि सप्टेंबर १९९६मध्ये केंद्रानं ५५.३ किलोमीटरचा पहिला टप्पा मंजूर केला. त्यात तीन मार्गिका होत्या: शाहदरा ते नांगलोई, सब्जी मंडी ते होलंबी कलान आणि विश्वविद्यालय ते केंद्रीय सचिवालय ही अकरा किलोमीटरची भुयारी. होलंबी कलान हे नाव लक्षात असू द्या, पुढं लागेल.

भुयारी मार्गिकेची दोन टोकं बघण्यासारखी आहेत. एका टोकाला १९११नंतरची तात्पुरती राजधानी, दुसऱ्या टोकाला १९३१ची कायमची. दिल्लीचा सरकारी रस्ताच जणू जमिनीखाली गाडला. वर चाँदनी चौकाची दाटी असल्यानं तिथं भुयार हवंच होतं. पण उत्तरेला विश्वविद्यालयाच्या बाजूला खूप मोकळं होतं, त्यामुळे कश्मीरी गेट ते विश्वविद्यालय हा भाग बहुतांशी वरून खणून, आत काँक्रीटची पेटी टाकून, पुन्हा बुजवून केला. हे काम ज्या संयुक्त गटानं केलं त्यात जपानी आणि स्वीडिश कंपन्यांच्या बरोबरीनं हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन होती, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६मध्ये काढलेली. कोकण रेल्वे आटोपून आलेले ई. श्रीधरन सगळ्याच्या शिरोभागी होते. १९ डिसेंबर २००४ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी या चार किलोमीटरचं उद्घाटन केलं. कोलकात्यानंतर देशातली ही दुसरी भुयारी मेट्रो.

वरून खणायचं तर जमीन मोकळी हवी. शिवाय त्या वेळी हे शेवटचं स्थानक, म्हणजे पसाराही मोठा. अशा वेळी आखणी करणारा अभियंता आधी विद्यार्थी मोजत नाही. तो विचारतो: जागा कुणाची, एकाच मालकाची आहे का, आणि वर्षभरात ताब्यात येईल का? छात्र मार्गाच्या तोंडाशी संरक्षण खात्याची जमीन होती. एकच मालक, तोही सरकारी. २००१मध्ये तिच्यातली ३.०५ हेक्टर मेट्रोसाठी घेतली गेली. ती नसती तर स्थानक आत सरकलं असतं असं मी म्हणणार नाही. मार्गिकेला पुढं मॉल रोडनंच जायचं होतं. पण घोडदळाच्या छावणीचा वारसा असलेल्या जमिनीवर स्थानक बसलं, हा योगायोग नाही.

खरी गोष्ट इथून पुढं सुरू होते, कारण स्थानकाला सगळी जमीन लागलीच नाही. सुमारे दोन हेक्टर उरली.

उरलेल्या जमिनीचं काय करायचं, याचं उत्तर मेट्रोच्या पैशाच्या गणितात आधीपासूनच होतं. पहिल्या टप्प्याचा निम्म्याहून जास्त पैसा जपानचं कर्ज, बाकीचा मुख्यतः केंद्र आणि दिल्ली सरकारचं भांडवल, आणि एक वाटा स्थावर मालमत्तेच्या विकासातून उभा करायचा, असं ठरलेलं. म्हणजे स्थानकाजवळची जागा व्यापारी वापराला किंवा घरांना देऊन पैसे आणायचे. त्याप्रमाणे सप्टेंबर २००५मध्ये त्या दोन हेक्टरांचा वापर बृहत् आराखड्यात ‘सार्वजनिक आणि निमसार्वजनिक’ऐवजी ‘निवासी’ करण्यात आला. निविदा निघाली, एका खासगी विकसकानं दोनशे कोटींहून अधिक रक्कम मोजली, आणि विद्यापीठाच्या कडेला तीसहून अधिक मजल्यांच्या निवासी इमारतीचा घाट घातला गेला.

विद्यापीठाचं म्हणणं असं, की आसपास मुलींची वसतिगृहं आहेत, त्यांच्या अंगणात वरून थेट नजर जाईल. हा परिसर शैक्षणिक आहे, बुटक्या इमारतींचा आहे. रस्ते अरुंद आहेत. जमीन रेल्वेसाठी म्हणून घेतली आणि घरांसाठी विकली, हा मूळ आक्षेप. २०१२मध्ये विद्यापीठ उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०१५मध्ये एकसदस्यीय पीठानं याचिका फेटाळली. अपील करायला महिनाभराची मुदत असते. विद्यापीठानं अपील केलं ते ९१६ दिवस उशिरानं.

इतका उशीर कसा झाला, याची कारणं सांगितली गेली. कुलगुरू बदलले, कार्यकारी परिषदेची मान्यता लागते, वगैरे. ज्यानं कुठल्याही विद्यापीठाच्या कचेरीत एखादी फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाताना पाहिली आहे त्याला ती खोटी वाटणार नाहीत. न्यायालयाला मात्र ती पुरेशी वाटली नाहीत. १७ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं उशीर माफ करायला नकार दिला. इमारत तिथं असावी की नसावी, यावर वरच्या न्यायालयात वाद झालाच नाही. विद्यापीठ हरलं ते तारखांवर. त्यानंतर पर्यावरण परवानगीवरून हरित न्यायाधिकरणात झुंज झाली, विद्यार्थ्यांनी मोर्चे काढले. माझ्या मते विद्यापीठाचा दावा पुष्कळसा रास्त होता आणि तो त्यानं स्वतःच्या हातानं घालवला. २००५मध्ये जमिनीचा वापर बदलला तेव्हा हरकती मागवल्या गेल्या असणारच, आणि मेट्रोच्या खणकामाची धूळ तर विद्यापीठाच्या खिडक्यांवर रोज बसत होती. तेव्हा उठून कुणी विचारलं नाही की उरलेल्या जागेवर काय येणार.

रेल्वेनं घरं विकून पोट भरायचं, ही युक्ती कर्ज देणाऱ्या जपानातच मुरलेली आहे. इचिझो कोबायाशी यानं १९१०मध्ये ओसाकाजवळ एक छोटी रेल्वे काढली, शेतांमधून धावणारी, प्रवासी नसलेली. त्यानं रुळांच्या कडेला इकेदा इथं जमिनी घेतल्या, घरं बांधली आणि हप्त्यानं विकली. घरात राहायला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपोआप प्रवासी झाला. पण अशा रेल्वेत सकाळी सगळे शहराकडे जाणार, उलट दिशेची गाडी रिकामी. त्यावर तोडगा विद्यापीठाचा! तोक्यो-योकोहामा मार्गावरच्या रेल्वे कंपनीनं केइओ विद्यापीठाला हियोशी स्थानकाजवळ मोठी जमीन फुकट देऊ केली आणि १९३४मध्ये तिथं आवार सुरू झालं. विद्यार्थी उलट्या दिशेनं येऊ लागले, स्थानकाची शान वाढली, बाजूचे निवासी भूखंड महाग झाले. त्याच मार्गावर ‘गाकुगेइ-दाइगाकु’ आणि ‘तोरित्सु-दाइगाकु’ अशी दोन स्थानकं आहेत. दोन्ही विद्यापीठं केव्हाच दुसरीकडे गेली, नावं तशीच. उद्योग हा निव्वळ धंदेवाईक होता, पण त्यात रेल्वेनं विद्यापीठाला जमीन देऊन घरं विकली. दिल्लीत रेल्वेनं विद्यापीठाशेजारची जमीन घेऊन घरांसाठी विकली. पैसा दोन्हीकडे घरांतूनच आला, फक्त इथं विद्यापीठाला विचारात घेतलं नाही.

पुढं या व्यवहाराला धोरणाचं नाव मिळालं, ‘संक्रमणाभिमुख विकास’. २०१७च्या राष्ट्रीय धोरणानुसार स्थानकापासून चालत ५०० ते ८०० मीटरच्या पट्ट्यात दाट, उंच, मिश्र वस्ती वाढू द्यायची, म्हणजे लोक गाड्या सोडून मेट्रोनं फिरतील. विचार म्हणून हे बिनतोड आहे. विश्वविद्यालय स्थानकाभोवती हे वर्तुळ काढलं तर ती दोन हेक्टर अलगद आत बसतात. कला शाखा बाहेर राहते. आणि ज्यांच्याकडे मोटार घेण्याची ऐपतच नाही ते विद्यार्थी विजय नगरच्या पीजीतून चालत येतात.

विद्यापीठाचं दुसरं आवार दक्षिणेत आहे. दक्षिण परिसराची कल्पना १९७३ची. धौला कुआँजवळच्या बेनितो हुआरेस मार्गावरची सध्याची जागा १९८४पासूनची. तिथं मेट्रो पोचली मार्च २०१८मध्ये, गुलाबी मार्गिकेवर. स्थानकाचं नाव ‘दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस’. दुर्गाबाई आंध्रच्या, शेजारच्या श्री वेंकटेश्वर महाविद्यालयाच्या उभारणीत त्यांचा हात होता. मराठी वाचकाला त्या चिंतामणरावांच्या पत्नी म्हणून माहीत असतात. मुंबईच्या प्रश्नावर १९५६मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे सी. डी. देशमुख पुढं १९६२ ते १९६७ याच दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीच्या नकाशावर ‘देशमुख’ हे आडनाव आलं ते दुर्गाबाईंमुळे, ही गोष्ट मला फार आवडते. स्थानक आवाराच्या जवळ, पण एअरपोर्ट मार्गिकेचं धौला कुआँ स्थानक मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. दोन्ही जोडायला २०१९मध्ये सव्वा किलोमीटरच्या आसपासचा सरकत्या पट्ट्यांचा पूल बांधावा लागला. जागेची चूक पुलानं दुरुस्त करण्याचं इतकं लांबलचक उदाहरण देशात दुसरं नसेल.

यमुनेपलीकडे उलटा प्रयोग झाला. नोएडा ते ग्रेटर नोएडा ही अॅक्वा मार्गिका जानेवारी २०१९मध्ये सुरू झाली, जवळपास तीस किलोमीटरची. तिचं एक स्थानक ‘नॉलेज पार्क-२’, खासगी महाविद्यालयांच्या वस्तीतलं. मधली कित्येक स्थानकं मात्र ‘होऊ घातलेल्या’ घरांसाठी होती. टॉवर अर्धवट, सांगाड्यांवर गवत, विकसक न्यायालयात. २०२१मध्ये गर्दीच्या वेळी काही गाड्या मधल्या दहा स्थानकांवर न थांबता सोडण्याची वेळ आली. भावी घरांसाठी बांधलेल्या स्थानकावरून गाडी न थांबता पुढं जाते, तेव्हा आतल्या पहारेकऱ्याला काय वाटत असेल कोण जाणे.

आता होलंबी कलान. दिल्लीच्या उत्तर टोकाला, नरेलाच्या शेजारी. द्वारका, रोहिणी आणि नरेला ही दिल्ली विकास प्राधिकरणाची तीन उपनगरं. १९९६च्या मंजुरीत मेट्रो होलंबी कलानपर्यंत जाणार होती. मग आखणी बदलली, ती मार्गिका वगळली गेली आणि लाल मार्गिका रोहिणीच्या कडेला, रिठाल्याला संपली. द्वारकेला २००५च्या अखेरीस मेट्रो पोचली आणि द्वारका भरली. नरेलाला पोचली नाही, पण घरं मात्र बांधली गेली. प्राधिकरणाच्या २०१४च्या योजनेत २५,०३४ सदनिका होत्या. सोडतीत नंबर लागलेल्यांनी जागा जाऊन पाहिली आणि हजारो सदनिका परत केल्या. खोल्या लहान, आजूबाजूला ओसाड आणि शहरात जायला साधन नाही. २०१७च्या योजनेत जी १२,०७२ घरं विक्रीला काढली त्यातली बहुतेक ही परत आलेलीच. नरेलातली घरं त्यानंतरही वर्षानुवर्षं ग्राहकाची वाट पाहत राहिली. प्रत्येक वेळी खुलासा एकच: मेट्रो येणार आहे. मध्यंतरी तिथं स्वस्तातली, हलकी ‘मेट्रोलाइट’ न्यायचं घाटत होतं, तेही मागं पडलं. शेवटी ६ डिसेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं रिठाला-नरेला-नाथुपूर या २६.४६ किलोमीटरच्या मार्गिकेला मंजुरी दिली. खर्च ६,२३० कोटी. १९९६च्या रेघेच्या शेजारून, अठ्ठावीस वर्षांनी.

घरं पडून होती म्हणून की काय, आता तिथं विद्यापीठं न्यायची टूम निघाली आहे. कश्मीरी गेटच्या दाटीत असलेलं इंदिरा गांधी महिला तंत्र विद्यापीठ, गुरू गोविंद सिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठ यांना नरेलात जागा देऊन ‘शिक्षण केंद्र’ वसवायची योजना आहे. कोबायाशीच्या वारसदारांनी नेमकं हेच केलं असतं, फक्त रुळांच्या बरोबरीनं, नंतर नव्हे. मार्गिका पुढं हरियाणात नाथुपूरला संपते, आणि त्याच सोनीपत जिल्ह्यात राईची ‘एज्युकेशन सिटी’ आहे, जिथं अशोका विद्यापीठ २०१४पासून भरतं आहे. म्हणजे विद्यार्थी आहेत, रिकामी घरं आहेत, जमीन बहुतेक सरकारी आहे आणि मार्गिका अजून बांधून व्हायची आहे. विश्वविद्यालय स्थानकाच्या आखणीत यातलं एकच मोजलं गेलं, सरकारी जमीन.

मंजूर मार्गिकेवर एकवीस स्थानकं आहेत. रोहिणीची सेक्टरं, बवाना औद्योगिक क्षेत्राची दोन, बवाना जेजे कॉलनी, सनौठ, भोरगड गाव, अनाज मंडी नरेला, नरेला डीडीए क्रीडा संकुल, नरेला सेक्टर ५, कुंडली, नाथुपूर. कारखाने आहेत, धान्याचा बाजार आहे, खेळाचं मैदान आहे, डेपोसुद्धा आहे. विद्यापीठाच्या नावाचं एकही नाही.